पाहुण्या मुलाकडून खेळणं मोडलं, तर?

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझ्या मुलानं आणि त्याच्या मित्रांनी सोसायटीच्या पार्किंगमागच्या कोपऱ्यात चार दिवस खपून किल्ला केला होता. विटा, दगड, वर चिखलात भिजवलेली पोती, तटाखाली पेरलेले हळीव आणि पुण्यातल्या कसब्याच्या कुंभारवाड्यातून एकेक निवडून आणलेले मावळे. भाऊबीजेला माझा भाऊ सहकुटुंब आला. चार वर्षांचा भाचा उत्साहानं थेट बुरुजावर चढला, तट खचला आणि दरवाज्यावरचे तीन मावळे खाली येऊन फुटले. मी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "जाऊ दे रे, लहान आहे तो. काही हरकत नाही." वहिनीच्या जिवात जीव आला. मुलगा गप्प राहिला. संध्याकाळी त्यानं किल्ल्यावर जुनी चादर टाकली आणि तुळशीचं लग्न होईपर्यंत ती काढली नाही.

हरकत त्याला होती. ती नाही, असं मी त्याच्या वतीनं परस्पर सांगून टाकलं होतं.

त्यानंतर आमच्या घरात, शेजारी, मैत्रिणींकडे असे प्रसंग बरेच आले. कधी आमचं खेळणं मोडलं, कधी आमच्या मुलानं दुसऱ्याचं मोडलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: खेळणं ज्याचं, माफ करायचा हक्कही त्याचाच. खाली जे लिहिते आहे ते सगळं याच धाग्यानं बांधलेलं आहे.

पाहुणे यायच्या आधीची दहा मिनिटं

अर्धी भांडणं इथेच टळतात. मुलाला सोबत घेऊन खेळण्यांचं कपाट उघडा आणि विचारा, "आज कुणालाही द्यायचं नाही, असं यातलं काय काय आहे?" तो जे सांगेल ते निमूटपणे उचलून दिवाणाच्या पोटात किंवा माळ्यावर ठेवा. तुम्हाला ते फुटकळ वाटेल. एक चाक नसलेली गाडीही तो लपवायला सांगेल. सांगू द्या. "एवढंसं काय द्यायला होतं तुला?" हे वाक्य टाळा. लपवायची मुभा मिळालेलं मूल बाहेर ठेवलेल्या वस्तू मोकळ्या हातानं देतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

बाहेर काय ठेवावं? ठोकळे, चेंडू, कॅरम, पाठकोरे कागद आणि खडू, भातुकली. ज्यात एकाच प्रकारच्या पुष्कळ वस्तू आहेत किंवा जे मोडायला अवघड आहे, ते. येणारं मूल तीन वर्षांखालचं असेल, तर बारीक तुकड्यांचे खेळ आणि गोल चपट्या बटण सेलवर चालणारी खेळणी आधीच उचला. हे भांडणासाठी नाही, जिवासाठी आहे.

गौरी-गणपतीत पन्नास माणसं दर्शनाला येतात, तेव्हा कुणाकुणावर लक्ष ठेवणार? त्या दिवसांत मुलांच्या खोलीला सरळ कडी घालावी. यजमानपणात त्यानं काही कमी येत नाही.

मोडल्यावरची पहिली पाच मिनिटं

आधी कुणाला लागलं आहे का ते बघा. तुटलेल्या कडक प्लॅस्टिकची कड ब्लेडसारखी असते. बॅटरीचं झाकण निघालं असेल तर सेल मोजून घ्या. बटण सेल सापडत नसेल आणि एखाद्यानं गिळल्याची नुसती शंका आली तरी सगळं सोडून लगेच मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकतो. एकाहून जास्त लोहचुंबक पोटात गेले असतील, तरी तेवढीच घाई करा.

हे नसेल, तर खाली फरशीवर बसा. उभं राहून, कमरेवर हात ठेवून बोललेलं मुलांना खटल्यासारखं वाटतं.

मग पहिलं वाक्य ज्याचं खेळणं मोडलं त्याच्याशी. पाहुण्यांशी नाही, त्यांच्या आईशी नाही. "तुझी गाडी तुटली. वाईट वाटलं ना तुला? थांब, मी बघते." बस, एवढंच. त्याला रडायचं असेल तर रडू द्या. रडण्याचा आवाज पाहुण्यांसमोर आपल्यालाच लाजिरवाणा वाटतो आणि त्याच घाईत आपण "काही हरकत नाही"वर येतो. मूल दोन-चार मिनिटं रडतं आणि मग आपसूक बोलायला लागतं.

दुसरं वाक्य पाहुण्या मुलाशी, त्याच आवाजात: "घाबरू नकोस. काय झालं ते आपण नीट बघू." तो बहुधा आधीच पांढराफटक पडलेला असतो. परक्या घरात आहे, आपली आई रागावणार हे त्याला दिसतं आहे. अशा वेळी तो हसेल, पळेल किंवा ठामपणे म्हणेल "मी नाही केलं". याला निर्लज्जपणा समजू नका. भीतीचीच ही रूपं आहेत.

तुकडे सगळे गोळा करा. श्रीखंडाचा रिकामा डबा यासाठी उत्तम. एकही तुकडा केरात जाऊ देऊ नका. दुरुस्तीला लागतीलच, शिवाय डब्यात जपून ठेवलेले तुकडे पाहून खेळण्याच्या मालकाला कळतं की आपल्या वस्तूची कुणाला तरी किंमत आहे.

या पाच मिनिटांत घरातली वडीलधारी माणसं हटकून मध्ये बोलतात. "अगं, मुलंच ती, होतंच असं." त्यांचा हेतू चांगला असतो, त्यांना वाद नको असतो. मी सासूबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, "आई, असं काही झालं तर दोन मिनिटं मला बोलू द्या, मग तुम्ही दोघांना खाऊ द्या." खाऊचं काम त्यांच्याकडे सोपवलं की त्यांनाही बरं वाटतं आणि आपल्यालाही वेळ मिळतो.

काय झालं ते ऐकताना

"कुणी केलं?" असं विचारलं की बोटं दाखवणं सुरू होतं. "का केलंस?" याला मुलांकडे उत्तरच नसतं. "काय झालं?" विचारा, एकेकाला, दुसऱ्याला मध्ये बोलू न देता. नंतर दोघांचं ऐकलेलं तुम्ही मोठ्यानं परत सांगा: "म्हणजे तू गाडी मागत होतास, त्यानं दिली नाही, तू ओढलीस आणि चाक निघालं. असंच ना?" यावर दोघंही मान डोलावतात तेव्हा निम्मं काम झालेलं असतं.

इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांना दोन गोष्टी सांगून त्यांचं मत विचारलं होतं. त्यांचा हा अभ्यास १९३२ साली प्रसिद्ध झाला. एका गोष्टीतला मुलगा दार उघडतो, दारामागे कपांचा ट्रे आहे हे त्याला ठाऊक नसतं आणि १५ कप फुटतात. दुसऱ्या गोष्टीतला मुलगा आई घरात नसताना कपाटातला मुरंबा काढायला खुर्चीवर चढतो आणि एकच कप फोडतो. जास्त चूक कुणाची? लहान मुलांनी पहिल्याकडे बोट दाखवलं, कारण कप जास्त फुटले. हेतू बघायला मुलं हळूहळू शिकतात. म्हणून आपला पाच वर्षांचा मुलगा "त्यानं मुद्दाम केलं" असं छातीठोकपणे सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी नुकसान मोठं, म्हणून गुन्हा मोठा.

आणि मोठी माणसंही हेच करतात, हे मला जास्त खटकतं. चाळीस रुपयांची बाहुली रागानं आपटली तर "चालतं", आणि चार हजारांची रिमोटची गाडी चुकून पायाखाली आली तर घरभर तणाव. किंमत बाजूला ठेवून कृती बघा. साधारण चारच प्रकार असतात: निव्वळ चुकून, मस्तीच्या भरात, रागानं, किंवा खेळणं आधीच तडकलेलं होतं आणि याच्या हातात जीव सोडला. शेवटचा प्रकार आपल्याला वाटतो त्याहून जास्त असतो. तुटलेल्या कडेवर जुनी धूळ किंवा गोंद दिसतो का, ते बघा आणि दिसला तर प्रामाणिकपणे सांगा.

वयाचं भान हवं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला "हे दुसऱ्याचं आहे" हे नीटसं कळत नाही, त्याच्याकडून काहीही वदवून घेण्यात अर्थ नाही. तिथे जबाबदारी सोबतच्या मोठ्या माणसाची. तीन-चार वर्षांच्या मुलाला मोडलं हे समजतं, पुढे काय करायचं हे नाही. पाच ते सात वर्षांचं मूल हाताला धरून भरपाई करू शकतं. आठच्या पुढच्या मुलाशी मात्र सरळ बोलावं आणि त्याच्याकडून अपेक्षाही ठेवावी.

"सॉरी म्हण" म्हणण्याआधी

दंडाला धरून म्हणायला लावलेलं "सॉरी" दोघांनाही नकोसं असतं. म्हणणारा जमिनीकडे बघतो, ऐकणारा भिंतीकडे. त्याऐवजी मोडणाऱ्याला विचारा, "आता यासाठी तुला काय करता येईल?" सुचलं नाही तर दोन-तीन गोष्टी पुढे ठेवा: तुकडे शोधायला मदत, चिकटवताना धरून ठेवणं, आपलं एखादं खेळणं आठवडाभर खेळायला देणं, चित्र काढून देणं. हातानं काही केलं की "सॉरी" बरेचदा आपोआप येतं.

आणि समोरच्याला ते लगेच स्वीकारायची सक्ती नको. "मी अजून रागावलोय" हे सभ्य उत्तर आहे. कट्टी घेतली तर घेऊ द्या. मारणं, परत काहीतरी मोडणं, शिव्या देणं चालणार नाही, एवढीच सीमा आखा. बट्टी कधी करायची ते दोघं ठरवतील, बहुतेक वेळा चहाचे कप उचलायच्या आत ती झालेली असते.

दुरुस्ती, दोघांनी मिळून

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा टप्पा हाच वाटतो. शक्य तेव्हा पाहुणे घरी असतानाच सुरुवात करा.

प्लॅस्टिक दोन जातींचं असतं. गाड्यांची शरीरं, ठोकळे यांचं कडक, चकचकीत प्लॅस्टिक फेविक्विकनं छान चिकटतं. बादलीसारखं मऊ, मेणचट लागणारं प्लॅस्टिक मात्र त्यानं चिकटत नाही, कितीही ट्यूब संपवा. तिथे तापवलेल्या सुईनं कडेला भोकं पाडून नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून टाकावं. फेविक्विक आणि तापलेली सुई फक्त मोठ्यांच्या हातात. बोटं चिकटलीच तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. मुलांकडे तुकडे जुळवून बघणं आणि सुकेपर्यंत मिनिटं मोजणं ही कामं द्या.

लाकडी खेळण्याला फेविकॉल. जोड लावून रबरबँडनं घट्ट बांधा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. मातीचे मावळे, प्राणी यांनाही फेविकॉल चालतो. जिथे टवका उडून तुकडाच हरवला आहे तिथे एम-सील भरा. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायचे, भरायचे आणि दुसऱ्या दिवशी पोस्टर कलरनं रंगवायचे. हे रंगवण्याचं काम मोडणाऱ्या आणि मालकानं शेजारी बसून करावं. रंगवताना जे बोलणं होतं ते कोणत्याही समजुतीपेक्षा मोलाचं असतं.

रिमोटची गाडी "मेली" असं जाहीर करण्याआधी सेल बदलून बघा. सेलच्या पत्र्यांवर पांढरट-हिरवट खार धरला असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कानकाडीनं पुसा आणि कोरडं करा. तार तुटली असेल तर डाग द्यावा, म्हणजे सोल्डर करावं लागेल. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत त्यासाठी लागणारे सुटे भाग मिळतात. चार्जिंगची बॅटरी फुगलेली दिसली तर ती पुन्हा चार्जिंगला लावू नका, टोचू नका, सरळ बाद करा.

पितळी भातुकलीच्या कढईला किंवा बंबाला पोचा आला तर नव्यासाठी घाई नको. कसबा पेठेतल्या तांबट आळीत दाखवून बघा. तांब्या-पितळेचं ठोकीव काम तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. मुलांनाही सोबत न्यावं. ठोक्यांचा आवाज ऐकत गल्लीतून चालणं त्यांना आवडतं. मऊ खेळण्याची शिवण उसवली असेल तर आतून लपवटीप घाला. ते कुणालाही जमतं.

दुरुस्त झालेलं खेळणं अगदी लहान मुलांच्या हाती मात्र देऊ नका, जोड सुटून तुकडा तोंडात जाऊ शकतो.

पैशाचं बोलणं

इथे आपली फार तारांबळ उडते. एक म्हणते "मी भरून देते", दुसरी म्हणते "छे छे, काहीतरीच काय!" आणि तीनदा हे झाल्यावर विषय तिथेच सोडला जातो. मनात मात्र राहतो, दोघींच्याही. माझ्या दोन मैत्रिणींचं येणं-जाणं अशाच न बोललेल्या एका सायकलीवरून वर्षभर थांबलं होतं.

म्हणून मोडणाऱ्याच्या आईवडिलांनी "किती झाले?" असं विचारू नये. या प्रश्नाला सभ्य माणूस "राहू द्या" एवढंच उत्तर देऊ शकतो. त्याऐवजी: "वहिनी, ही गाडी कुठून घेतली होती? आम्ही रविवारी तुळशीबागेत जाणारच आहोत, ह्याला घेऊन तीच बघतो." यात नकार द्यायला फारशी जागा नाही आणि मूलही खरेदीत सामील होतं. आठ दिवसांच्या आत करा. महिन्यानं आलेली भरपाई आठवण उकरून काढल्यासारखी वाटते.

मुलाच्या खाऊच्या पैशांतून थोडा वाटा घ्यावा का? सातच्या पुढचं मूल असेल आणि रागानं मोडलं असेल तर हो, पेलेल एवढाच. चुकून झालं असेल तर माझ्या मते अजिबात नाही.

ज्यांचं नुकसान झालं त्यांनी मुलांसमोर किंमत काढू नये. स्वस्तातलं खेळणं असेल तर दुरुस्तीवर भागवावं. महागाचं असेल, मोठ्या मुलानं जाणूनबुजून मोडलं असेल आणि समोरून काहीच आलं नाही, तर दोन दिवसांनी फोनवर सरळ बोलावं, शक्यतो निम्म्या खर्चावर किंवा दुरुस्तीच्या खर्चावर. तीन वर्षं वापरलेल्या खेळण्याची नव्याची किंमत मागणं रास्त नाही.

बदली खेळणं घेताना अधिक भारी घेऊ नका. मुलाला सहसा तेच हवं असतं. आणि आयएसआय खूण बघून घ्या. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे.

आजोबांनी स्वतः करून दिलेली बैलगाडी, गावाहून आलेली बाहुली यांची बदली नसते. तिथे पैसे पुढे करूच नयेत. "ही परत मिळणार नाही हे आम्हाला कळतं" एवढं म्हणावं.

दुसऱ्या घराशी बोलताना

शेजारचा मुलगा आपल्याकडे एकटाच खेळायला आला असेल, त्याचे आईवडील सोबत नसतील, तर त्याच संध्याकाळी त्यांना फोन करा. मेसेज नको, मेसेजमध्ये आवाज ऐकू येत नाही. मला उपयोगी पडलेली वाक्यं: "काकू, आज मुलं खेळत होती तेव्हा विमानाचा पंख तुटला. ओढाओढीत झालं, दोघांचाही हात होता. उद्या तो आला तर दोघं मिळून चिकटवतील म्हणते." घडलं ते, कसं घडलं ते आणि पुढे काय. "तुमचा मुलगा फारच..." यानं सुरू होणारं वाक्य गिळून टाका.

सोसायटीच्या ग्रुपवर तुटक्या खेळण्याचा फोटो कधीही टाकू नका, नाव न घेताही नाही. कुणाचं मूल ते सगळ्या विंगना दहा मिनिटांत कळतं आणि ते पोर पुढे कित्येक महिने "तोडफोड करणारा" म्हणून ओळखलं जातं. वाद चिघळून तक्रारीची भाषा कुणी केलीच, तर हे ठाऊक असू द्या: भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालच्या मुलाची कोणतीही कृती गुन्हा ठरत नाही. हे घराच्या उंबऱ्यातच मिटवायचं आहे.

मोडणारं मूल आपलं असेल, तर चारचौघांत त्याला फटका देऊन आपली लाज झाकू नका. यजमान त्यानं अधिक अवघडतात आणि ज्याचं खेळणं मोडलं ते मूल अपराधी वाटून गप्प होतं. त्याच्याजवळ बसा आणि आधी तुम्ही त्या दुसऱ्या मुलाशी बोला: "तुझं विमान आमच्याकडून मोडलं. आम्हाला वाईट वाटतं आहे." "आमच्याकडून" या शब्दानं आपल्या मुलाला धीर येतो. बाकीचं बोलणं घरी, एकदाच.

एकच मूल दर वेळी मोडतोड करत असेल तर बोलावणं बंद करण्याआधी जागा बदलून बघा. मैदानावर, बागेत भेटा, घरी आलं तर तासाभरापुरतं आणि कुणीतरी मोठं सोबत बसेल असं ठरवून. भुकेच्या आणि झोपेच्या वेळी बोलावू नका.

यंदा भाऊबीजेला भाचा येणार आहे, आता तो सात वर्षांचा आहे. मी मुलाला विचारलं, किल्ल्याचं काय करायचं? त्यानं बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, त्याला एक दिवस आधी बोलाव, मागचा तट त्याला बांधू दे, वरचे मावळे मी ठेवीन. वहिनीला मी तसा फोन केला आहे.